राजवाड्यातले हळीव

आमच्या घरात माय सोडून सगळ्यांचा वाढदिवस एकाच तारखेला येतो. एक जून. माझा, थोरल्या भावाचा, धाकट्या बहिणीचा आणि बाबांचासुद्धा. यात चमत्कार काही नाही. जळकोट तालुक्यातल्या आमच्या शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी विचारायचे, "कधी झाली ही?" माय सांगायची, "हुरड्याच्या दिवसांत, सकाळच्या पारी." गुरुजी मान हलवून एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्यांना हिशेबाला बरं पडायचं. माय शाळेतच गेली नाही, म्हणून तिला एक जूनही मिळाला नाही.

बाबा लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. पाठीवर पोतं नसलं तरी वाकूनच चालायचे. माय आधी रोजानं निंदायला जायची, नंतर आश्रमशाळेच्या वसतिगृहात भाकरी थापायला लागली. पत्र्याची एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली आम्ही पाच जण. मी झाले त्या सालाची गोष्ट माय सांगते तेव्हा माझ्याकडं बघत नाही, चुलीकडं बघते. बाळंतिणीला आपल्याकडं हळीव देतात. तांबड्या बारीक बिया, भिजवल्या की फुगून बुळबुळीत होतात. त्यांची गूळ-तूप घालून खीर करतात, अंगावर दूध उतरायला. आमच्या घरी त्या वर्षी ना हळीव होते, ना तूप. माय ज्वारीची आंबील प्याली आणि सव्वा महिना व्हायच्या आत खुरपं घेऊन रानात गेली. "तुला दूध पुरलं न्हाई गं," एवढंच म्हणते. तेही फार क्वचित.

केकची पहिली चव मला पुठ्ठ्यावरची. वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या मुलाचा वाढदिवस होता. केक संपल्यावर त्याच्या खालचा सोनेरी पुठ्ठा मायनं पदराखाली घरी आणला. कडेला क्रीम होतं. आम्ही तिघांनी ते बोटानं वाटून खाल्लं आणि मग भावानं पुठ्ठाही चावून बघितला.

मी नांदेडला बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या सगळ्या भावकीत ही पहिली पदवी. हे वाक्य मी या लेखात दर परिच्छेदाला लिहिलं असतं, पण संपादकांनी कापलं असतं.

शिकताना खर्च निघावा म्हणून नांदेडच्याच इतवारा भागातल्या एका बेकरीत सकाळचं काम धरलं. मालक चाऊसचाचा. चाऊस म्हणजे निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज. इतक्या पिढ्या नांदेडात काढून आता त्यांना अरबी येत नाही, पण मिरची-भाकरीवाचून जेवण जात नाही. चाचा मला 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारायचे.

"बीएस्सी, आटे को मारना नक्को. मनाना उसको."

"चाचा, हे यीस्ट आहे. त्याला मनवायचं नसतं, त्याला ऊब लागते."

"वोच तो बोलरा मैं!"

तिथं मी पाव, नानकटाई आणि शेवटी केक शिकले. साखरेचा पाक कुठल्या क्षणी तार सोडतो आणि कुठल्या क्षणी जळतो, हे कॉलेजात कळलं होतं. ते हाताला कळलं ते चाचांच्या भट्टीवर. पदवी हातात आली आणि नोकरी काही येईना, तेव्हा चाचांनीच निरोप आणला. त्यांचा एक नातलग आखातात एका राजवाड्यात माणसं पुरवायचा. तिथं केक करणाऱ्या बायका हव्या होत्या. बायकाच.

निघायच्या दिवशी शेजारची कौसाबाई म्हणाली, "बीएस्सी होऊन पाव भाजाया जायलीस काय गं?"

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "राजाच्या घरचा पाव हाय त्यो. तू भाजून दाखव."

आता त्या देशाचं आणि घराण्याचं नाव मी सांगणार नाही. न सांगण्याचं कबूल करून आले आहे, आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या घरातलं किती सांगायचं याची मला अक्कल आहे. एवढंच सांगते की घराणं खरोखरीचं राजाचं होतं. भाऊ, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, मुलं, आत्या, मावश्या, सगळे एका मोठ्या आवारातल्या वेगवेगळ्या महालांत राहायचे, आणि आठवडा असा जात नसे की कुणाचा ना कुणाचा वाढदिवस नाही.

बायकाच का हव्या होत्या, ते सांगते. तिथं बायकांच्या समारंभात पुरुष पाऊल टाकत नाहीत, घरातलेसुद्धा. दारात मोबाईल काढून पिशव्यांत बंद करून ठेवतात, मग आत बुरखे उतरतात आणि असे दागिने, असे कपडे दिसतात की डोळे दिपावेत. दाराच्या आत एक जाड पडदा असतो. आमचे मोठे शेफ सगळे पुरुष. त्यांनी केलेला माणसाएवढा केक पडद्यापर्यंत यायचा, आणि पडद्यापुढं तो न्यायला, मजल्यावर मजला चढवून उभा करायला, वाटेत उडालेले टवके लपवायला बाईच लागायची. ती बाई म्हणजे मी. हुद्दा मात्र मदतनीस. केक शेफचा, पडला तर माझा.

बाहेरच्यांना वाटतं केक म्हणजे ओव्हनचं काम. मोठ्या केकमध्ये निम्मं काम गवंड्याचं असतं. आत आधाराच्या काड्या रोवायच्या, मजल्यांमध्ये तक्ते घालायचे, ओळंबा धरावा तसा डोळा लावून बघायचा. समुद्राकाठची दमट हवा असली की साखरेचं आवरण घामेजतं आणि सोनेरी वर्ख ओघळतो. माझे बाबा पोत्यांची थप्पी लावताना खालचं पोतं आधी पायानं दाबून बघायचे. मीही खालचा मजला तसाच दाबून बघायची, हातानं अर्थात. शेफ इल्यासना ते फार आवडायचं. लेबनॉनचे होते ते, मिशा पांढऱ्या, जीभ तिखट. चाचांचं 'बीएस्सी' त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, तेही त्याच नावानं ओरडायचे.

गिऱ्हाइकं एकेक अशी! एका छोट्या राजपुत्राला ससाण्याचा केक हवा होता. ससाणा म्हणजे त्यांच्याकडं शिकारीचा मानाचा पक्षी, आपल्याकडं बैलाचं कौतुक तसं त्याचं. आम्ही पीसन् पीस करून बसवलं. सुरी आणली तशी पोरानं अशी किंकाळी फोडली की आया धावत आल्या. माझ्या पक्ष्याला कुणी हात लावायचा नाही! मी पक्षी अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि त्याच्या हाती सुरी देऊन म्हटलं, आपण त्याची बसायची फांदी कापू. पोरगं हसलं. तो पक्षी पुढं त्याच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये कितीतरी महिने राहत होता.

एका राजकन्येनं आपल्या मांजरीचा वाढदिवस केला. माशांचा केक, वर कोळंबी. मी ते फोनवर मायला सांगितलं.

"मांजराचा?"

"हाव, माय."

"आगं, तुझा कधी केला न्हाई मी."

मी विषय बदलला. पण त्या रात्रीचं माझं जेवण तसंच राहिलं.

या सगळ्या वाढदिवसांत एकच होता जो कधीच नीट झाला नाही. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या राणीसाहेबांचा. त्यांना सगळे 'यम्मा औदा' म्हणायचे, म्हणजे मोठी माय. आमच्याकडं आजीला म्हणतात तस्संच! हे कळलं त्या दिवसापासून मला त्या वाड्यात परकं वाटेनासं झालं.

त्यांच्या थोरल्या सूनबाई म्हणजे घरच्या शेखा, कारभार बघणाऱ्या राणी. मी मनातल्या मनात त्यांना शेखाबाई म्हणायची. स्वभावानं चांगल्या, पण हट्टी. दरवर्षी त्या सासूबाईंचा वाढदिवस मांडायच्या. मोठी माय यायची, केकवरच्या मेणबत्त्या बघायची, उठायची आणि नमाजाच्या खोलीत निघून जायची. तिच्याही पासपोर्टवर महिन्याची पहिली तारीख होती, कुणा कारकुनानं घातलेली. ती म्हणायची, "हा त्या कारकुनाचा वाढदिवस आहे. त्याला बोलवा, तोच कापेल."

हे मला कळायचं ते झैनबआपांमुळं. आपा हैदराबादच्या, मोठ्या मायच्या खास बाई. माझी निजामाच्या मुलखातली उर्दू आणि त्यांची दखनी यांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

त्या वर्षी शेखाबाईंनी पक्कं ठरवलं. शेजारच्या देशांच्या राजघराण्यांतल्या बायकांना आमंत्रणं गेली. परक्यांच्या देखत सासूबाई उठून गेल्या तर सूनबाईंनी तोंड कुठं लपवायचं? शेखाबाईंनी शेफ इल्यासना बोलावून बजावलं, या वर्षी सासूबाई उठून जाता कामा नयेत. शेफ परत आले ते टोपी काढूनच.

"बीएस्सी, ऐक," ते म्हणाले. आमचं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं. "मी पडद्याआड जाऊ शकत नाही. मांडणं, देणं, सगळं तुझ्या हातात. म्हातारीनं एक घास खाल्ला तर बायकांच्या बाजूचा गोडाचा मुदपाकखाना तुझा. मी स्वतः सांगेन. उठून गेली तर मी या वयात घरी जाईन, आणि तुझा करार संपतोच आहे."

म्हणजे परत जळकोट. बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर, बाबा पुन्हा पोत्याखाली. आणि कौसाबाई दारात उभी.

शेफनी सोनेरी केक आखला. वर खजुराचं झाड, खाली तंबू, मध्ये पाण्याचा झरा. देखणा होता. पण मला आतून कळत होतं की मोठी माय त्याच्याकडं बघून उठणार.

त्याच सुमाराला धाकट्या सूनबाई बाळंत झाल्या, आणि एका सकाळी मोठी माय स्वतः बायकांच्या बाजूच्या मुदपाकखान्यात उतरली. सगळ्या भिंतीला चिकटल्या. तिनं तांब्याचं पातेलं मागवलं, तूप तापवलं, मेथ्या, मिरी, खजुराचा काळा पाक घातला आणि वाटीभर तांबड्या बिया त्यात सोडल्या. वास आला आणि मी होते तिथून पुढं गेले. हळीव!

"आपा, ये तो हमारे इधर का है!"

"चुप बैठ. क्या बोल रई तू?"

"आमच्याकडं बाळंतिणीला हेच देतात. माझी माय भावजयीला करून घालायची."

आपांनी भीतभीत ते अरबीत सांगितलं. मोठ्या मायनं ढवळणं थांबवलं नाही, पण भुवया वर गेल्या.

"आणि बाळाला काय देता?" तिनं विचारलं.

"बाळाला काय द्यायचं? त्याला माय दिलेली असते की."

आपांनी ते सांगितलं तशी ती खळखळून हसली. मग पळी माझ्या हाती देऊन स्टुलावर बसली आणि बोलत राहिली, आपा मला हळूच समजावत राहिल्या. ती जन्मली तेव्हा हा महाल नव्हता. तेलाचा पैसा नव्हता. राजाचं घर म्हणायचं, पण मातीचं आणि खजुराच्या झावळ्यांचं. तिच्या आईला हा 'हसू', म्हणजे हळिवाची ही खीर, करायला तूप नव्हतं; एका बकऱ्या राखणाऱ्या बाईनं वाडगाभर आणून दिलं. आई ते मरेपर्यंत सांगायची.

"माझ्या जन्माची आठवण माझ्याकडं कशी असेल?" ती म्हणाली. "ती माझ्या आईकडं होती. आई गेली, तिच्याबरोबर माझा वाढदिवसही गेला. या पोरी मला मेणबत्ती विझवायला सांगतात."

मी पळी फिरवत होते. समोरचं नीट दिसत नव्हतं. पण एक गोष्ट लख्ख दिसली.

शेफना माझा बेत सांगितला तेव्हा त्यांनी 'हसू'चा एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे औषध आहे."

"हाव, औषधच आहे."

"राजघराण्यांच्या बायका येणार आणि तू औषध मांडणार?"

"शेफ, केक आपण दरवर्षी त्या म्हातारीसाठी मांडतो. या वर्षी तिच्या आईसाठी मांडू."

त्यांनी मिशी चावली. मग म्हणाले, "सोनेरी केक होणार. तो बाजूला उभा राहील. मध्ये काय ठेवायचं ते तुझं तू बघ. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस."

समारंभाच्या दिवशी दालनात अत्तराचा घमघमाट आणि उदाचा धूर भरला होता. बायका एकेक करून पडद्याआड आल्या. मी मध्यभागी मोठा पितळी थाळ ठेवला. त्यात ते तांब्याचं पातेलं, भोवती ओल्या खजुरांचे घोस, आणि भाजलेल्या कणकेच्या, हळीव पेरलेल्या इवल्या वड्या. मेणबत्ती एकही नाही. सुरी नाही.

शेखाबाई आल्या आणि थबकल्या. चेहरा ओढलेला.

"हे काय? केक कुठं आहे?"

"तिकडं आहे, शेखा. आधी हे."

"हे पातेलं? आज? या सगळ्यांसमोर?" त्यांचा आवाज खाली होता, पण माझ्या दंडावरची बोटं रुतत होती. "उचल ते. आत्ताच्या आत्ता."

उचलायला मी वाकले असते तर आज हा लेख लिहीत नसते. पण तेवढ्यात झैनबआपांच्या हाताला धरून मोठी माय दालनात आली. सगळ्या उभ्या राहिल्या. तिनं सवयीनं आधी मेणबत्त्या शोधल्या. नाहीत. मग तिच्या नाकपुड्या हलल्या. मी झाकण काढलं.

ती चालत सरळ थाळापाशी आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. एवढ्या सोन्याच्या खुर्च्या, पण ती खाली बसली. मग सगळ्या राजघराण्यांच्या बायकांना, दागिने-बिगिने सावरत, खाली बसावं लागलं.

"हे कुणी केलं?"

आपांनी माझ्याकडं बोट केलं.

"कुणासाठी?"

मला अरबी जेमतेम यायचं. म्हणून सोपं बोलले. "तुमच्या आईसाठी."

मोठ्या मायनं पहिला वाडगा भरला आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर ठेवला. दुसरा भरला आणि स्वतः खाल्ला. एक घास नव्हे, वाडगा पुसून खाल्ला. मग तिनं शेखाबाईंना जवळ ओढून आपल्या हातानं घास भरवला आणि त्या हट्टी बाई सगळ्यांसमोर लहान पोरीसारख्या रडल्या. कुणीतरी जीभ फिरवून आनंदाची ती लांब किलकारी घातली, तिला दुसरीनं साथ दिली, आणि सगळं दालन दणाणलं. पडद्याबाहेर उभ्या शेफ इल्यासना वाटलं काहीतरी पडलं. ते बाहेरून ओरडत होते, "बीएस्सी! केक आहे का? केक?"

आवाज शांत झाल्यावर मोठी माय हात पुसत म्हणाली, "चला, आता आणा तो कारकुनाचा केक. तोही कापून टाकू."

तिनं कापला. हसत हसत, खजुराच्या झाडाच्या बुंध्यापासून कापला. मेणबत्ती तेवढी लावू दिली नाही.

मी पडद्याबाहेर आले तेव्हा शेफ भिंतीला टेकून उभे होते. मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची उंच पांढरी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती कानापर्यंत खाली आली.

त्यानंतर मोठी माय होती तोवर दरवर्षी त्या थाळात पातेलं मांडलं गेलं, आणि पहिला वाडगा रिकाम्या जागेसमोर. मी तिथं असताना ती गेली. त्या वर्षीही थाळ मांडला. रिकाम्या जागेसमोर दोन वाडगे.

लोक विचारतात, राजघराण्यात राहून काय आणलंस? सोनं? मी हसते. एक सल मात्र मी परत आणली होती. इतक्या राजकन्यांचे वाढदिवस केले, मायचा एकही नाही. तिला तारीखच नव्हती, आणि माझी होती ती गुरुजींची.

परत आल्यावरच्या पहिल्या एक जूनला मी लातूरच्या नव्या घरात हळीव भिजवले. नारळ, गूळ, हात सैल सोडून तूप. वाटी मायपुढं ठेवली.

"हे गं काय? आता कोण बाळंतीण हाय घरात?"

"तूच. माझ्या वेळची. खा."

तिनं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. या वेळी चुलीकडं नाही. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "मला न्हाई का?"

"तुमी काय बाळंत झालता का?" माय म्हणाली आणि खायला लागली. संपवल्यावर वाटी पुढं केली. "आनिक हाय का?"

आणखी होतं. पातेलंभर होतं.

शेफ इल्यासनी शब्द पाळला होता. त्या राजवाड्यातल्या बायकांच्या बाजूचा गोडाचा मुदपाकखाना नऊ वर्षं माझ्या हाताखाली चालला. धाकटी बहीण आज नांदेडला नर्स आहे, बाबांनी हमाली सोडली आहे, आणि लातुरात माझी स्वतःची बेकरी आहे. पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढं बी.एस्सी. लिहिलेलं आहे.